भिंतीपलीकडची इंझोरी

काकूंच्या घराचं कुलूप काही केल्या उघडेना. अडीच वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. मी घरी परत आले, वाटीत खोबरेल तेल घेतलं, किल्ली त्यात बुडवून दोन-तीनदा फिरवली, तेव्हा कुठं ते सुटलं. तेवढ्या वेळात रस्त्यावरून चार मोटारसायकली गेल्या, पाण्याच्या कॅनची गाडी गेली. कोणी थांबलं नाही. पूर्वी काकूंच्या फाटकाशी कोणी इतका वेळ उभं राहिलं असतं, तर समोरच्या घरांतून तीनदा विचारणा झाली असती.

सकाळी प्रकाशचा फोन आला होता. प्रकाश म्हणजे यमुनाकाकूंचा मुलगा. तो नागपूरला असतो. काकू त्याच्याकडेच वारल्या, त्याला तेव्हा सहा दिवस झाले होते.

"ताई, आईचा एखादा चांगला फोटो असंल का वो तिथं? कपाटात पाहा बरं. आमच्याजवळ सगळे मोबाईलमधले हायत, त्याच्यात ते आजारीच दिसते. तेरवीले मोठा करून लावाचा हाय."

"तेरवी कुठं करता?"

"गावाले. इंझोरीले. तुमी या, ताई. आईनंच सांगून ठेवलं होतं, सिस्टरले बलावजा म्हणून."

येते म्हणाले खरी. पण फोन ठेवल्यावर हात कितीतरी वेळ तसाच मांडीवर पडून राहिला.

आत पाऊल टाकलं आणि काकूंचा वास आला. गव्हाच्या कोठीत घातलेला कडुलिंबाचा वाळला पाला, हिंगाची डबी, आणि त्या डोक्याला लावत असत त्या तेलाचा थोडा कुबट गोडवा. माणूस नागपूरला जाऊन, तिथं संपूनसुद्धा गेलं होतं, आणि वास मात्र इथं वाट पाहत बसला होता. कपाटात साड्यांच्या घडीखाली, वर्तमानपत्राच्या कागदात फोटो सापडला. वास्तुशांतीचा. काकू नव्या फाटकाला धरून उभ्या आहेत, डोक्यावर पदर, आणि मागे आमचा प्लॉट रिकामा, रुईच्या झुडपांनी भरलेला. मी या कॉलनीत यायच्या आधीचा दिवस होता तो.

मी तिथंच पलंगाच्या कडेवर बसले.

आम्ही वाशीमला रिसोड रस्त्याच्या या ले-आऊटमध्ये आलो तेव्हा इथं सात घरं होती. रस्ता मुरमाचा. प्लॉटच्या कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड, आणि शेवटच्या दगडापलीकडे लगेच सोयाबीन सुरू. ऑटोवाले नाक्यापुढं यायला नाही म्हणत. दवाखान्यातली ड्यूटी संपवून मी नाक्यावरून चालत येई, तेव्हा चपलांच्या आत मुरूम शिरे. घरी येऊन पाय धुताना लाल पाणी निघे. आमचे हे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास, माझ्या हातांना डेटॉलचा, आणि नव्या भिंतींना ओल्या सिमेंटचा. पहिलं वर्षभर आमच्या घरात हे तीन वास आळीपाळीनं राहत होते.

मग हळूहळू कॉलनी आमच्याजवळ आली. आधी पिठाची गिरणी सुरू झाली. दुपारी तिचा आवाज चालू असला की मला झोप छान लागे. मग एक भाजीवाली हातगाडी घेऊन येऊ लागली, ती प्रत्येक घराच्या नावाऐवजी भाजीनं हाक मारायची. आमचं घर मेथीचं होतं, काकूंचं चवळीच्या शेंगांचं. पुढं मेडिकल झालं, दुधाचं दुकान झालं, डांबरी रस्ता झाला. आता तर माझ्या दुखऱ्या गुडघ्यालासुद्धा जमेल इतक्या अंतरावर सगळं आहे. किराणावाल्याला फोन केला की पोहे-साखर दारात येते. ऑटो फाटकाशी उभा राहतो. माझा मुलगा राहुल पुण्याहून म्हणतो, "आई, तुझं बरं आहे. मला इथं कोथिंबीर आणायची तरी गाडी काढावी लागते." खरंच आहे त्याचं. माझं बरं आहे.

पण मला इथं घरच्यासारखं वाटू लागलं ते या सोयींनी नाही. मला इथं सगळे सिस्टर म्हणत, त्यानं. मी जन्मले त्या गावात आमची घरं खालच्या अंगाला, वेगळी होती. तिथं माणूस कोणाचं आणि कोणत्या बाजूचं, हे त्याच्या नावाआधी ठरलेलं असे. इथं प्लॉटला नंबर होते. आमचा चौदा, काकूंचा तेरा. जोशी सरांच्या बाजूला कंडक्टर, कंडक्टरच्या बाजूला आम्ही. आमच्या पुढच्या खोलीत तथागतांची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता. आलेल्या प्रत्येकाला तो दिसे. आम्ही काहीच झाकलं नव्हतं. आणि तरी संध्याकाळी माझ्या ओट्यावर बीपी तपासायला रांग लागे. मी मनगट धरी, दंडावर पट्टा बांधी, सुई टोची. या हातांना कोणी नको म्हणत नव्हतं. लहानपणी आम्हाला शिवू नये म्हणून अंग चोरणारी माणसं मी पाहिली होती. इथं तशाच घरांतली माणसं माझ्यासमोर दंड उघडा करून बसत. मला त्याचं फार सुख वाटे. कोणाला सांगितलं नाही मी ते, यांनासुद्धा नाही.

यमुनाकाकूही येत. मोठ्या शेतकरी घरातल्या, चाळिशीतच विधवा झालेल्या, प्रकाशच्या शिक्षणासाठी वाशीमला घर बांधून राहिलेल्या. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत. बोलणं त्या भिंतीवरूनच चाले. पण त्या आमच्याकडे आल्या आणि मी चहा ठेवते म्हटलं की म्हणत, "नको व सिस्टर, आज उपास हाय."

सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. आमच्या घरात पाऊल टाकलं की काकूंचा उपास लागे. हे हसत. "काकूंचं पुण्य लय वाढून राह्यलं आपल्यामुळं," म्हणत. मीही हसे. उपासाला चहा चालतो, हे मी काकूंना कधी म्हणाले नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. धापोडे घालायचे होते. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचे ते पातळ पापड. पहाटेच मोठ्या पातेल्यात पीठ शिजत होतं, त्याची आंबूस वाफ जिन्यावर भरली होती. कॉलनीतल्या पाच-सहा बायका ओल्या कापडावर पळीनं गोल फिरवत होत्या. माझ्या हाताला ते लगेच जमलं. आईकडून आलेला हात होता तो.

"माहेर कोनतं तुहं, सिस्टर?" काकूंनी विचारलं.

"कारंजा," मी म्हणाले.

हे अर्धं खरं होतं. मी बारा वर्षांची असताना वडिलांनी कारंज्याला बिऱ्हाड केलं, मी तिथंच शिकले, तिथूनच लग्न झालं. पण त्याआधीची बारा वर्षं इंझोरीची. आणि काकू इंझोरीच्याच सून होत्या, हे मला प्लॉट घेतला त्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांच्या फाटकाशी जीप उभी राहिली होती, त्यातून तुरीची पोती उतरत होती, आणि उतरवणारा माणूस "इंझोरीचा माल" म्हणाला होता. माझ्या हातातली बादली मी तिथंच खाली ठेवली. काकूंचं वावर, विहिरीजवळचं, गावाच्या वरच्या अंगाचं. त्या वावरात माझी आई निंदायला जायची. तिच्या मागं मी.

त्या दिवसापासून काकूंकडे गावची जीप आली की मी दार लावून आत बसे. कोणी कोर्टात आलेलं असे, कोणी दवाखान्यात. खिडकीच्या फटीतून मी त्यांचे आवाज ऐके. "कायले जाता बाप्पा एवढ्यात, भाकर खाऊन जा." ते बोलणं ऐकताना जीव कासावीस होई. बाहेर जावं, विचारावं, नाल्यावरची चिंच आहे का, पोळ्याला बैल कुठून फिरवतात आता. पण गेले असते तर मी सिस्टर उरले नसते. निंदणाऱ्या गिरजेची छबी झाले असते.

एका माघात काकूंनी भिंतीवरून डब्यात तुरीची डाळ दिली. "घरची हाय. शिजते पाह्य कशी, लोण्यासारखी." मी ती शिजवली. फक्त मीठ, हळद आणि वरून लसणाची फोडणी. राहुल तेव्हा शाळेत होता. "आज वरण काय मस्त झालंय," म्हणून त्यानं दोनदा घेतलं. माझ्या तोंडात घास फिरत राहिला. आईला त्या वावरातून कधी अशी डब्यात डाळ मिळाली नव्हती. खळं झाडल्यावर मातीत राहिलेले दाणे ती ओच्यात वेचून आणे, मग आम्ही ते पाण्यात घालून माती खाली बसायची वाट पाहायचो. चव मात्र तीच होती. ओळखीची.

हे गेले ते दुपारी. आगारात डबा खाऊन उठले आणि बसले ते बसलेच. चार दिवस घर माणसांनी भरलं होतं, कारंज्याचे, अकोल्याचे. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. पाचव्या दिवशी राहुलही परीक्षेसाठी परत गेला. त्या दुपारी मी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. गिरणी चालू होती. काकू फाटक उघडून आल्या, मला काही न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मला डब्यांचे आवाज येत होते. त्यांना साखर सापडत नव्हती. मग दोन कप घेऊन बाहेर आल्या, एक माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा बशीत ओतला.

का कोण जाणे, माझ्या तोंडून गेलं, "काकू, आज उपास नाही?"

बशी त्यांच्या ओठांपर्यंत गेली होती. ती तिथंच थांबली.

"सोडला," काकू म्हणाल्या. आणि चहा पिऊन टाकला.

त्यानंतर त्यांनी आमच्या घरी उपास धरला नाही. दिवाळीनंतर उन्हं कलली की आम्ही भिंतीशी खुर्च्या घेऊन बसू, त्या तिकडून, मी इकडून. कॉलनीत आता घरं दाटली होती. पलीकडचं सोयाबीन दिसेनासं झालं होतं. तरी सोंगणीच्या दिवसांत कुठून तरी मळणीयंत्राची धूळ येई, कोरडी, थोडी गोडसर. आम्ही दोघी एकाच वेळी नाक वर करू. त्या त्यांच्या इंझोरीकडे, मी माझ्या. मध्ये ती भिंत. मी तरीही काही बोलले नाही.

पुढं काकूंची साखर वाढली. प्रकाश नागपूरला लागला होता. सकाळी साडेसातला मी जाऊन त्यांना पोटात इन्सुलिन देत असे, मग आम्ही चहा घेत असू. सहा वर्षं तो नेम चालला. अशीच एक सकाळ. पावसाळा संपत आलेला. मी सुई टोचली होती. टोचल्यावर दहापर्यंत मोजायचं असतं. तेवढ्यात अंगणातून पावलं आली आणि दारात माणूस उभा राहिला. खांद्यावर गमछा, हातात मुगाची पिशवी. तो काकूंचं वावर बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करत होता, हे मला माहीत नव्हतं. तो माझा चुलतभाऊ होता, भीमराव. पस्तीस-चाळीस वर्षांनी मी त्याला पाहत होते आणि त्याच्या कपाळावरची लहानपणची खूण ओळखली.

त्यानंही ओळखलं. "छबे? तू छबीच ना व? लक्ष्मणकाकाची?"

सहा. सात. मी मोजत राहिले.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गिरजेची?" एवढंच म्हणाल्या.

"हो माय," भीमराव म्हणाला, "गिरजाकाकूचीच पोट्टी हे. तुमाले माईत नाई?"

मी सुई काढली. कापूस लावला. "दाबून धरा," म्हणाले आणि घरी निघून आले. पाठीमागे भीमराव काहीतरी विचारत होता.

दुसऱ्या दिवशी काकूंचं दार आतून बंद होतं. मी कडी वाजवली. आतून आवाज आला, "आज नको." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. दुधाची पिशवी फाटकाला तशीच लटकत होती. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं खोटं बोलून एका बाईनं आपल्या घरात पाय पसरले, असं त्यांच्या मनात आलं असणार. कॉलनी तीच होती, भाजीवाली आली, किराणा आला, पण मला घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. दोन दिवसांत मी परत गावाच्या खालच्या अंगाला जाऊन पडले होते.

तिसऱ्या दिवशी मी दारावर जोरात थाप मारली. "काकू, माह्याशी बोलू नका, पण सुई घ्या. साखर चढली तर पडसान."

मग कडी सरकली. काकू जमिनीवर बसल्या, भिंतीला पाठ लावून. केस विंचरलेले नव्हते. मी सुई भरली, टोचली, मोजलं. त्यांनी कापूस स्वतःच दाबून धरला.

"काहून नाई सांगतलं मले?" शेवटी म्हणाल्या.

"तुमी मले सिस्टर म्हणत होत्या, काकू. मले ते चांगलं वाटे."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते उत्तर हवं नव्हतं. त्या दुसरंच काहीतरी घेऊन बसल्या होत्या.

"म्या तुह्या मायले पाणी देल्लं हाय," त्या म्हणाल्या. "विहिरीवर. तांब्या उंच धरून. वरून वतलं तिच्या ओंजळीत. मह्या सासूनं शिकवलं तसं. तवा म्या नवीन सून. तुही माय पीत राहे आन् तू तिच्या बाजूले उभी राहे, फाटक्या झग्यात. मंग तुह्या ओंजळीत वतलं. वरूनच. दोन दिस झाले, मले तेच दिसून राह्यलं. तुले याद हाय का?"

"हाय."

खरंच होती. पाण्याची ती धार हातात पडताना होणारा आवाज, कोपरांवरून खाली ओघळणारं पाणी, ओला झालेला झगा. आणि वर तांब्या धरलेल्या हातातल्या हिरव्या बांगड्या. तोंड कधी पाहिलं नव्हतं मी. आई म्हणे, वर पाहू नको.

"तुमच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या," मी म्हणाले. "पाणी लय थंड होतं, काकू."

त्या रडायला लागल्या. मोठ्यानं नाही, तोंडाला पदर लावून. मग मधेच थांबून म्हणाल्या, "आन् अथीबी म्या तुले उपास सांगे. तुले समजत होतं?"

"आठवड्यात पाच उपास, काकू. समजत नसंल का?"

रडता रडता त्यांना हसू आलं. मला आलं नाही. मी उठून त्यांच्या डोक्याला तेल लावलं, केस विंचरून दिले. माझ्या मनात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. त्यांचे विरळ पांढरे केस बोटांत धरून मी बसले होते आणि तो होता. पण त्यांना सोडून मी कुठं जाणार होते? वाशीमभर मला इंझोरीचं एकच माणूस होतं.

त्यानंतरचे दोन हिवाळे. माझ्या आयुष्यात कोणी एक काळ परत देतो म्हटलं, तर मी ते दोन हिवाळे मागीन. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही इंझोरी बोलत बसू. गंमत अशी की आमच्या दोघींकडे अर्धी-अर्धी होती. काकूंनी आमची वस्ती कधी आतून पाहिली नव्हती. "तुमच्या तिकडं पावसाळ्यात रोज काई वाचत, आवाज ये, ते काय होतं व?" त्या विचारत. मग मी वर्षावासाचं सांगे. कंदिलाशी बसून वडील ग्रंथ वाचत, आम्ही पोरं आईच्या मांडीवर झोपून जात असू, पावसाचा आणि वडिलांचा आवाज एकमेकांत मिसळे. काकू डोळे मिटून ऐकत.

आणि मी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. बाहेरचं मोठं दार तेवढं माहीत. "तीन पायऱ्या," काकू सांगत. "मंग चौकट लय खाली, डोकं लागते. आत गेली का डाव्या हाताले जातं. तथी बसलं का न्हाणीतला उजेड अंगावर ये. म्या तथी बसून प्रकाश पोटात असतानी दळलं." मी तीन पायऱ्या चढे, डोकं खाली घाली, डावीकडे पाही. लहानपणी ज्या दारापलीकडे जाता आलं नाही, त्या घरात मी वाशीमच्या या कॉलनीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गेले. समोरून शाळेच्या गाड्या जात, मेडिकलवाला हात करी. तेव्हा मला वाटे, आता या घरातून मला कोणी हलवू नये.

हलल्या त्या काकू. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला. प्रकाश येऊन घेऊन गेला. नागपूरला सातव्या मजल्यावर खोली होती, नर्स होती. फोनवर म्हणत, "समदं हाय अथी. ते पोट्टी सुई चांगली देते. पण मोजत नाई व." हळूहळू त्यांचे फोन कमी झाले. मग प्रकाशच करी. मग सहा दिवसांपूर्वी त्या गेल्याचा फोन आला.

फोटो मी चौकातल्या स्टुडिओतून मोठा करून घेतला, काच लावली, चादरीत गुंडाळला आणि तेरवीच्या सकाळी निघाले. कारंज्यापर्यंत एसटी, तिथून दुसरी गाडी. मांडीवर काकू. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आलेला, आंब्यांना मोहोर. इंझोरीला उतरले. मला गाव ओळखू आलं नाही. सिमेंटचा रस्ता, दुकानं, मोबाईलचा टॉवर. पण वरच्या अंगाला वळणारी वाट पायांना ठाऊक होती.

मांडव मोठा होता. प्रकाशनं फोटो घेतला, खुर्चीवर ठेवला, हार घातला आणि पाहत उभा राहिला. "आई अशी होती, मी विसरलोच होतो," म्हणाला. त्याच्या बायकोनं माझा हात धरला. "ताई, आत या. बायांची पंगत आत हाय."

तीन पायऱ्या होत्या. चौकट खाली होती. मी डोकं वाकवलं. आत फरशी बसवलेली, भिंतींना गुलाबी रंग, डावीकडे फ्रिज.

"इथं जातं होतं ना?" मी विचारलं.

सून थबकली. "हो, मी आली तवा होतं. तुमी आधी आल्या होत्या का घरी?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदाच."

पंगतीत मी मधे बसले. पुऱ्या, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाई, तुमी कोणाच्या?"

वाशीमची, काकूंची शेजारीण, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं.

"लक्ष्मण-गिरजाची," मी म्हणाले. "खालच्या वस्तीतली. छबी."

वाढणारीचा डाव पातेल्यातच थांबला. पलीकडच्या एकीनं आपली पत्रावळ जराशी, बोटभर, बाजूला ओढली. मी ते पाहिलं. म्हातारी मात्र माझ्या हातांकडे पाहत होती. "गिरजेची? अव माय. निंदाले तिचा हात लय चाले. आमाले मांगं टाके ते." आणि वाढणारीला म्हणाली, "पाह्यतं काय, वाढ न तिले."

मी जेवले. पोटभर जेवले. मग खाली वस्तीत गेले. नाल्यावरची चिंच नव्हती. नवं विहार होतं, पांढरं स्वच्छ. आमच्या घराच्या जागी भीमरावच्या पोरानं शेळ्यांचा गोठा केला होता. त्यांनी चहा पाजला. बस येईपर्यंत मी तिथं बाजेवर बसले, आणि मनात एकेक गोष्ट ठेवून देत होते. डावीकडे फ्रिज आला हे सांगायचं. चौकट अजून तितकीच खाली आहे हे. बोटभर सरकलेली पत्रावळ सांगायची की नाही, ते ठरत नव्हतं. सांगायचीच, असं कारंजा येईपर्यंत ठरवलं. काकूंनी तिला चांगलं सुनावलं असतं.

वाशीमला दिवेलागणीला उतरले. ऑटोवाल्यानं कुठं जायचं ते विचारलंसुद्धा नाही, थेट आणून सोडलं. मी पैसे दिले, पिशवी उचलली आणि सरळ तेरा नंबरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. "काकू" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं होतं.

काही वेळ मी तिथंच होते. मेडिकलवाल्यानं दुकानातून हात केला. मी घरी आले.

फोन वाजला. राहुल. "पोचलीस ना, आई? जेवणाचं काय? मागवून देऊ का काही?"

"जेवून आले. इंझोरीला."

"ते कुठं आलं?"

मी ओट्यावर बसले. त्याला विचारावंसं वाटलं, तुला माहीत नाही? पण त्याला कसं माहीत असणार? त्याच्या आईचं माहेर कारंजा. आजोबांचं भाड्याचं घर, बाजाराजवळचं. त्याआधीचं मी त्याला कधी काही दिलंच नव्हतं. भिंतीवरून एका परक्या बाईला सगळं सांगितलं, दोन हिवाळे, आणि पोटच्या पोराला नाव ठाऊक नव्हतं.

"कारंज्याजवळ," मी म्हणाले. "काकूंची तेरवी होती. माझंही गाव ते."

"तुझं? तुझं तर कारंजा ना?" त्याच्यामागे कुठलीतरी मॅच चालू होती, लोक ओरडत होते. "बरं, आई, आराम कर तू. उद्या बोलू."

"राहुल, थांब."

"काय गं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इंझोरीत आपली सात घरं होती," मी म्हणाले. "गावाच्या खालच्या अंगाला."

त्याच्या मागचा टीव्ही बंद झाला.